आमची वाटचाल : वडिलांनी बांधलेले पाडून पुन्हा बांधताना

आमच्या व्यवसायाचे पहिले कार्यालय म्हणजे कोल्हापुरातील मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घराची पडवी होती. १९७९ साली वडिलांनी गवंडीकामातील मजुरी सोडून स्वतंत्र ठेका घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे भांडवल म्हणावे असे सेंट्रिंगच्या फळ्या, काही बल्ल्या आणि ओळखीच्या सहा-सात मिस्त्रींचा विश्वास एवढेच होते. कोकणातून येणारा जांभा, स्थानिक भट्टीची वीट आणि नदीची वाळू या सामानावर त्यांनी पेठांमधील घरे बांधली. राजारामपुरी, शाहूपुरी आणि ताराबाई पार्क या भागांत बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहू लागली, तसे त्यांनी तीन मजल्यांच्या, विनालिफ्टच्या इमारतींचे ठेके घेतले. स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून मी १९९७ साली त्यांच्या हाताखाली आलो, त्या वेळी आमच्या नावावर अशा अकरा इमारती होत्या. आज त्यांतील एक इमारत आम्हीच पाडून नव्याने बांधत आहोत आणि हा लेख लिहिण्याचे निमित्तही तेच आहे.

मधल्या वीस वर्षांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण कोल्हापुरातील बहुतेक छोट्या बांधकाम व्यावसायिकांचा तो सारखाच आहे. १९७२ साली येथे महानगरपालिका झाली आणि त्यानंतर हद्दवाढीचा विषय दशकानुदशके केवळ चर्चेत राहिला. त्यामुळे शहराच्या आत जागा संपत गेली आणि वाढ पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी अशा ग्रामपंचायतींच्या हद्दीत सरकली. आम्हीही तिकडेच गेलो. रो-हाऊस आणि छोटे बंगले यांवर आमचे बरे चालले होते. २०१६ सालच्या नोटाबंदीने विक्री थांबली, पुढच्याच वर्षी रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याची अंमलबजावणी आणि वस्तू व सेवा कर एकापाठोपाठ आले आणि आमच्यासारख्या चार माणसांच्या कार्यालयाला पहिल्यांदाच पूर्णवेळ हिशेबनीस ठेवावा लागला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याची अट आम्हाला तेव्हा जाचक वाटली होती, हे कबूल करतो. एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाच्या सळईला वापरण्याची सवय आमच्या धंद्यात इतकी रुळलेली होती की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नव्हते.

पुनर्विकासाकडे, म्हणजे जुनी इमारत पाडून रहिवाशांना नवी घरे द्यायची आणि वाढीव बांधकाम विकून खर्च काढायचा या कामाकडे, आम्ही वळलो ते २०१८ साली, आणि वळलो ते चुकीच्या पद्धतीने. शहरातील एका गल्लीतील बारा सदनिकांच्या जुन्या इमारतीचे रहिवासी आमच्याकडे आले. त्यांच्यापैकी दोघा-तिघांचे नातेवाईक मुंबईत राहणारे होते आणि तेथे जुन्या घराच्या बदल्यात किती वाढीव क्षेत्र मिळाले, वर किती लाख रुपये मिळाले, याच्या कहाण्या त्यांनी ऐकल्या होत्या. दुसऱ्या एका व्यावसायिकाने त्यांना मोठे आकडे दिलेले होते. ते काम हातचे जाऊ नये म्हणून आम्ही समोरच्या रस्त्याची रुंदी नऊ मीटर धरून कागदावर हिशेब केला आणि प्रत्येकाला पंचवीस टक्के वाढीव चटईक्षेत्र देण्याचा शब्द देऊन टाकला. मोजणी झाली तेव्हा विकास आराखड्यात तो रस्ता साडेसात मीटरचाच निघाला. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जमिनीवरचा, विकत घेऊन येथे वापरायचा बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही, आणि आमचा सगळा हिशेब त्याच टीडीआरवर उभा होता. चौदा महिने बैठका, नकाशे आणि वकिलांच्या भेटी झाल्यावर आम्हाला त्या बारा कुटुंबांसमोर बसून शब्द मागे घ्यावा लागला. खर्च झालेली रक्कम आमची गेली, त्याचे फारसे वाटले नाही. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र आमच्या भरवशावर मुलाकडे पुण्याला जाण्याचे पुढे ढकलले होते आणि त्यांच्या घरी माफी मागायला जाताना वडील माझ्याबरोबर आले नाहीत. ‘रस्ता तू मोजला नाहीस, तूच जा,’ एवढेच ते म्हणाले.

त्या फसलेल्या कामानंतर आम्ही वर्षभर केवळ गणित केले. ते गणित प्रत्येक सोसायटीच्या पहिल्या बैठकीत आम्ही फळ्यावर मांडतो, म्हणून येथेही मांडतो. सिमेंटचे पोते आणि सळई यांचा भाव मुंबईत आणि कोल्हापुरात जवळपास सारखाच असतो. मजुरीत थोडा फरक पडतो. विक्रीचा भाव मात्र जमिनीच्या किमतीनुसार ठरतो आणि तेथे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. समजा, विक्रीचा भाव बांधकाम खर्चाच्या दहापट आहे. तर रहिवाशांना विनामूल्य दिलेल्या नऊ फुटांचा खर्च एक फूट विकून निघतो. विक्रीचा भाव बांधकाम खर्चाच्या केवळ दुप्पट असेल, तर विनामूल्य दिलेल्या प्रत्येक फुटामागे दुसरा एक फूट विकावा लागतो, तेव्हा कुठे खर्चाची तोंडमिळवणी होते. त्यात रहिवाशांचे दोन-अडीच वर्षांचे भाडे, महापालिकेचे शुल्क, व्याज आणि आमचा नफा यांतील काहीच धरलेले नाही. आमच्यासारख्या मध्यम शहरात बहुतेक ठिकाणी परिस्थिती या दुसऱ्या टोकाच्या जवळ असते. जुन्या इमारतीने मूळ एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) आधीच वापरून टाकलेला असतो, त्यामुळे विकायला वेगळे क्षेत्र कोठून येणार, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर समोरच्या रस्त्याच्या रुंदीत दडलेले असते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि हे गणित काही ठिकाणी जुळू लागले. गावठाणाबाहेरील भागात मूळ निर्देशांक १.१ झाला, त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे अधिमूल्य (वाढीव बांधकामासाठीचे शुल्क) भरून मिळणारा निर्देशांक आणि टीडीआर, आणि निवासी वापरासाठी या सर्वांवर अधिमूल्य भरून ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक (जिने, बाल्कनी यांसारख्या भागांसाठीचे) क्षेत्र मिळू लागले. पूर्वी जिने, बाल्कनी, पॅसेज यांच्या सवलतींवरून नगररचना विभागात जी ओढाताण चाले ती बऱ्याच अंशी थांबली. तीस वर्षांहून जुन्या बहुसदनिका इमारतींच्या पुनर्विकासासाठी प्रोत्साहनपर क्षेत्राचीही तरतूद त्यात आहे. तरीही, अरुंद गल्लीतील इमारत नियमावली बदलल्याने रुंद रस्त्यावर येत नाही. गेल्या पाच वर्षांत आमच्याकडे आलेल्या प्रस्तावांपैकी निम्म्याहून अधिक प्रस्ताव आम्ही परत केले आणि त्यांतील काहींना पुनर्विकासाऐवजी इमारतीची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्याचा सल्ला दिला, जे कामही आम्ही घेतो. असा सल्ला देणाऱ्याकडे लोक प्रथम संशयाने पाहतात. बांधकाम व्यावसायिक काम नाकारतो म्हणजे त्यात काहीतरी खोच असणार, असे त्यांना वाटते आणि त्यांना दोष देता येत नाही.

गणित जुळले तरी कागद जुळतीलच असे नाही. पुनर्विकासात ज्याला खरे काम म्हणावे ते माझ्या अनुभवाप्रमाणे फावडे लागण्यापूर्वीच होते. गृहनिर्माण संस्थांसाठी सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालील मार्गदर्शक सूचना आहेत. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्णयाने किमान ५१ टक्के सभासदांच्या संमतीची अट घातली आणि विकसक निवडण्याची रीतही ठरवून दिली. कोल्हापुरात मात्र जुन्या इमारतींपैकी पुष्कळ इमारती संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील आहेत. तेथे प्रत्येक सदनिकाधारक जमिनीतील अविभक्त हिश्श्याचा स्वतंत्र मालक असतो, त्याचे हक्क घोषणापत्रावरून (इमारत त्या कायद्याखाली आणणाऱ्या नोंदणीकृत दस्तावरून) ठरतात आणि ७९(अ)च्या सूचना त्यांना लागू होत नाहीत. याहून अवघड प्रकार म्हणजे ज्या इमारतीत घोषणापत्रही नोंदवलेले नाही आणि मिळकत पत्रिकेवर अजून मूळ जमीनमालकाचेच, कधी त्याच्या वारलेल्या वडिलांचे, नाव आहे. घरफाळ्याची पावती आपल्या नावावर आहे म्हणजे मालकी आपली आहे, असा समज तीस-पस्तीस वर्षे उराशी धरलेल्या माणसाला ही वस्तुस्थिती सांगणे हे आमच्या कामातील सर्वांत नकोसे काम आहे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नसलेल्या इमारती तर इतक्या आहेत की ते असल्याचे कळले की आमच्या कार्यालयात चहा मागवला जातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने आम्हाला वेगळाच धडा दिला. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर या ऐन शहरातील भागांत होड्या चालल्या. आम्ही स्वतः बांधलेल्या एका इमारतीच्या वाहनतळात पाणी शिरले, तेथेच बसवलेले वीजमीटर बुडाले, जमिनीखालच्या टाकीत मैलामिश्रित पाणी गेले आणि पूर ओसरल्यावरही वरच्या मजल्यांवरील कोरडी घरे कित्येक दिवस राहण्याजोगी नव्हती. नकाशा मंजूर होता, बांधकाम नियमाप्रमाणे होते आणि तरीही ती चूक आमची होती, कारण २००५ चा पूर आम्ही याच शहरात राहून पाहिलेला होता. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. तेव्हापासून पूरप्रवण भागातील कोणत्याही कामात मीटरची खोली पहिल्या मजल्याच्या पातळीवर, जमिनीखालच्या टाकीचे तोंड उंच आणि सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उलटे येऊ न देणारी झडप, या तीन गोष्टी आम्ही ग्राहकाला न विचारता करतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच करण्याची अट आहे. ही अट केवळ खर्च वाढवते, अशी तक्रार करणाऱ्या व्यावसायिकांमध्ये २०१९ पूर्वी मीही होतो.

पहिला पुनर्विकास आम्ही २०२१ मध्ये सुरू केला आणि २०२४ मध्ये पूर्ण केला. सोळा कुटुंबे परत राहायला आली आणि वाढीव क्षेत्र प्रत्येकाला बारा टक्के मिळाले. आकडा छोटा आहे. त्याबरोबर लिफ्ट, वाहनतळ आणि रेरा कायद्याप्रमाणे संरचनेतील दोषांची पाच वर्षांची जबाबदारी या गोष्टी आल्या, ज्या कहाण्यांमध्ये कोणी सांगत नाही. त्या कामात आम्हाला सात महिने उशीर झाला आणि त्या सात महिन्यांचे भाडे आम्ही खिशातून दिले.

दुसरे काम वडिलांच्या इमारतीचे. १९८९ साली त्यांनी ठेक्याने बांधलेल्या या इमारतीच्या रहिवाशांनी संरचनात्मक तपासणी करून घेतली, तेव्हा अहवाल येईपर्यंत मी अस्वस्थ होतो. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, पण आपल्या घरच्या कामाचा निकाल दुसऱ्याच्या सहीने हातात पडणे ही निराळी गोष्ट आहे. काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा तपासणाऱ्या रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचण्यांत कॉलम समाधानकारक निघाले. बाथरूमखालचे स्लॅब आणि बाल्कनीचे भाग मात्र पार गेलेले होते; सळईखाली कव्हर (सळई झाकणारा काँक्रीटचा थर) राहावे म्हणून खडीचा तुकडा सरकवण्याची तेव्हाची पद्धत, तीस वर्षांची गळती आणि गंजून फुगलेली टोर (पीळ दिलेली) सळई यांचा तो एकत्रित परिणाम होता. पाडकामाच्या वेळी आम्ही दोन कॉलम मुद्दाम हळू फोडून पाहिले. रिंगांमधील (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांमधील) अंतर वडिलांनी नकाशाप्रमाणे ठेवले होते, पण रिंगेचे हुक ९० अंशांत वळवलेले होते. भूकंपात कॉलम फुटू नये म्हणून हा हुक आज १३५ अंशांत आत वळवतात. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचे हादरे सोसलेल्या आपल्या भागात ते महत्त्वाचे आहे, आणि ठेक्याच्या त्या काळात ते कोणीच करत नसे.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या महिन्यात ते साईटवर आले, सळईकाम करणाऱ्या ओडिशाच्या फिटरशेजारी खुर्ची टाकून बसले आणि दिवसाला असे किती हुक वळवतोस, असे त्यांनी त्याला हिंदीत विचारले. आकडा ऐकून त्यांनी मनाशी हिशेब केला आणि मला म्हणाले, ‘त्या भावात मला हे परवडले नसते.’ पार्किंगवरचा पहिला स्लॅब त्याच आठवड्यात पडला. दुसऱ्या स्लॅबचे सेंट्रिंग चालू आहे, रहिवाशांचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला जमा होत आहे, आणि तळमजल्यावरील दुकानदाराला नव्या इमारतीत दर्शनी बाजू किती फूट द्यायची, याची बोलणी अजून संपलेली नाहीत.