हार्पमुळे अवकाळी पाऊस पडतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

गारपीट झाली की आठवडाभरात माझ्या फोनवर तो फॉरवर्ड येतोच. रांगेत उभे खांब, वर हिरवंगार आकाश, आणि खाली प्रश्न: "सर, हे हार्पचं काम तर नाही ना?" हार्प म्हणजे अलास्कातलं एक संशोधन केंद्र, तिथून शक्तिशाली रेडिओ लहरी आकाशात सोडतात. फिजिक्स शिकवतो म्हटल्यावर हे ओघानं आलंच. "नाही" एवढंच म्हणून मोकळं होता येतं, पण मग लोकांना वाटतं, सर काहीतरी दडवतायत. शिवाय हार्प वर काहीच करत नाही, हेही खरं नाही. उगाच कशाला कोण १८० अँटेना उभ्या करील?

या भानगडीची सुरुवात हार्पच्या कितीतरी आधी, तीही नकळत झाली. १९३३ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला टेलेगन नावाचे इंजिनिअर स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर स्टेशन ऐकत होते. त्या कार्यक्रमामागे त्यांना रेडिओ लक्झेंबर्ग ऐकू येऊ लागलं. दोन्हींच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या, त्यामुळे शेजारचं स्टेशन घुसलं म्हणावं तर तसंही नव्हतं. पुढच्याच वर्षी बेली आणि मार्टिन यांनी उलगडा केला. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे साधारण ६० किलोमीटरच्या वर हवेतले काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. हे आपलं आयनांबर. लक्झेंबर्गचं बलाढ्य प्रक्षेपण तिथल्या इलेक्ट्रॉनना तापवत होतं. तापलेले इलेक्ट्रॉन आसपासच्या रेणूंवर जास्त वेळा आपटतात, आणि तिथून जाणारी दुसरी लहर जास्त शोषली जाते. लक्झेंबर्गचा आवाज चढला की इलेक्ट्रॉन तापणार, उतरला की निवणार, आणि बेरोम्युन्स्टरच्या लहरीवर तोच चढउतार उमटणार. म्हणजे गाणी लावता लावता एका स्टेशननं आकाश ढवळलं होतं!

हार्प हेच मुद्दाम करतं. अलास्कातल्या गाकोनाजवळ ३.६ मेगावॉटचं ट्रान्समीटर, २.७ ते १० मेगाहर्ट्झ, म्हणजे साधी शॉर्टवेव्ह. नॉर्वेत ट्रॉम्सोजवळ आणि रशियात सुरा इथंही अशी केंद्रं उभी राहिली. त्यांच्या नावानं फॉरवर्ड येत नाहीत, का कोण जाणे.

खरी गंमत आणखी वर, दोनेकशे किलोमीटरवर आहे. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीला स्वतःची एक डोलण्याची फ्रिक्वेन्सी असते, आणि ती फक्त गर्दी किती दाट आहे यावर ठरते. घन सेंटीमीटरमध्ये अडीच लाख इलेक्ट्रॉन असतील तर ती सुमारे ४.५ मेगाहर्ट्झ. खालून नेमकी तेवढ्याच फ्रिक्वेन्सीची लहर आली की ती तिथून परत फिरते, पण फिरता फिरता त्या थरात तिचा जोर साचतो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यासारखंच हे: ताकद थोडी, हेलकावा मोठा. सुट्या इलेक्ट्रॉनांच्या या वायूत, म्हणजे प्लाझ्मात, लाटा उठतात, पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून इलेक्ट्रॉनांचे दाट-विरळ धागे पडतात. काही इलेक्ट्रॉन इतके वेगात सुटतात, की ऑक्सिजनच्या अणूवर आदळून त्याला ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडायला लावतात. हा प्रकाश बहुतेकदा इतका मंद असतो की कॅमेऱ्यालाच दिसावा. (याच रंगाची नैसर्गिक लाली आपल्याकडे कोल्हापूरलाही टिपली जाते, भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रात. तिथं ट्रान्समीटर लागत नाही, सूर्यानं दिवसभर केलेली कमाई पुरते.)

आता पावसाचं. ढग सगळे खालच्या पंधरा-अठरा किलोमीटरांत. तिथं सुटे इलेक्ट्रॉन जवळपास नाहीतच, त्यामुळे शॉर्टवेव्हला पकडायला काही सापडत नाही. ती ढगातून सरळ निघून जाते. भर पावसात शॉर्टवेव्ह स्टेशन ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि आयनांबरात पोचेपर्यंत हार्पचा जोर उरतो तो चौरस मीटरला फार तर ०.०३ वॉट. सूर्य तेवढ्याच जागेवर १३६१ वॉट ओततो. ट्रान्समीटर बंद केलं की वरची खळबळही काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत निवते.

"मग लष्करानं पैसे कशाला घातले?" हा पुढचा प्रश्न, आणि तो चांगला आहे. २०१५ पासून केंद्र अलास्का विद्यापीठाकडे आहे, पण ते उभं राहिलं अमेरिकी हवाई दल आणि नौदलाच्या पैशावर, हे खरंच. नौदलाला पाणबुड्यांशी बोलायचं होतं. समुद्राच्या पाण्यात खोल शिरतात त्या अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी, आणि त्यांच्यासाठी अँटेना मैलोनमैल लांबीची लागते. ध्रुवीय भागात अरोराबरोबर, म्हणजे तिथल्या आकाशातल्या रंगीत उजेडाबरोबर, आकाशात विजेचा प्रचंड प्रवाह वाहतो. तो थर तालात तापवला-निववला तर प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो, आणि आकाशच अँटेना बनतं. १९७४ साली रशियात गॉर्कीजवळ हे प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं होतं. कल्पना भन्नाट, हिशेब मात्र आतबट्ट्याचा: खालून मेगावॉट ओतायचे आणि वरून पदरात पडायचे थोडेसे वॉट. तेही त्या रात्री प्रवाह वाहत असला तर.