चार्जर लावला की पॉइंटर नाचायला लागायचा

महिनाभर माझ्या लॅपटॉपचं एकच चाललेलं, चार्जर लावला की पॉइंटर वेडावाकडा पळायचा, मध्येच आपोआप क्लिक व्हायचं, एक फोल्डर दुसऱ्यात जाऊन पडायचं. बॅटरीवर मात्र एकदम व्यवस्थित. आणि ऑफिसात, तिकडं टिळकवाडीला, चार्जर लावूनसुद्धा काही होत नव्हतं! फक्त वडगावच्या घरी आलं की सुरू.

ड्रायव्हर काढून परत घातला, टचपॅडची सेटिंग बदलली, पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघितलं, तिथंही तेच, म्हणजे विंडोजचा दोष नाही हे नक्की झालं. मित्राचा ओरिजिनल चार्जर आणून लावला, तरी तेच. एका दुकानात दाखवलं तर बघायच्या आधीच म्हणाले टचपॅड बदलावं लागेल. मला पटलं नाही. खराब टचपॅड घर बघून खराब होतो होय?

मग एक गोष्ट लक्षात आली. डावा हात लॅपटॉपच्या पत्र्याच्या बॉडीवर ठेवला की पॉइंटर शांत. हात काढला की परत सुरू. पायात चप्पल असली तर त्रास कमी, अनवाणी फरशीवर पाय टेकले की जास्त. त्यात आई कितीतरी दिवस सांगत होती, "तुझ्या त्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात रे, बघ की एकदा." मी मनावरच घेतलं नव्हतं.

टचपॅडच्या खाली बारीक तारांची जाळी असते, बोट जवळ आलं की तिथला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) किंचित बदलतो, आणि तो बदल मोजून पॉइंटर कुठं न्यायचा ते ठरतं. चार्जर २३० व्होल्टचा एसी घेऊन सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत डीसी बनवतो, त्यात नॉइज, म्हणजे नको असलेले विजेचे बारीक चढउतार, तयार होतो, तो अर्थिंगच्या वायरमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगच नसलं तर बॉडी जमिनीशी न जोडलेली, तशीच तरंगत राहते, करंट अगदी थोडा पण व्होल्टेज मोठं, आणि आपण जमिनीवर उभं राहून बोट लावलं की तो नॉइज आपल्या बोटातूनच वाट काढतो. टचपॅड बिचारा त्यालाच स्पर्श समजतो. दुसरा हात पत्र्यावर ठेवला की आपलं व्होल्टेजही बॉडीबरोबरच वरखाली होतं, फरक उरत नाही, म्हणून शांत.

इलेक्ट्रिशियन अण्णांना बोलावलं, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलत त्यांनी व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर लावला. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) यांच्यात २३४ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं, ते मात्र ६०-७० च्या मध्ये हलत होतं. बोर्ड उघडला तर तीन पिनच्या सॉकेटला वरच्या मोठ्या होलची वायरच नाही, नुसतं भोक! घर आजोबांच्या वेळचं, पुढं बोर्ड बदलले पण अर्थची वायर कुणी ओढलीच नव्हती. म्हणजे मिक्सर, फ्रिज, गीझर सगळं इतकी वर्षं तसंच चाललेलं. हे ऐकून मला खरंच घाबरायला झालं, लॅपटॉपचं नाही, आईचं. गीझर ती रोज वापरते.

मी विचारलं, न्यूट्रललाच अर्थ जोडून टाकलं तर? अण्णा चिडले, "बिलकुल नको करू, न्यूट्रल तुटली की सगळ्या बॉडीला फेज येतंय." काहीजण पैसे वाचवायला असं करून देतात, कृपा करून करू देऊ नका.

मग परसात खड्डा काढला, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, कोळसा, मीठ थर देऊन भरलं, पाणी ओतलं, तिथून घरभर हिरवी वायर ओढली, सोबत ३० मिलीअँपची आरसीसीबीपण (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवली. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर पडतं म्हणून तिथं पाणी घालत राहायला सांगितलंय, आईनं तुळशीला घालताना एक तांब्या तिकडं ठरवूनच टाकलाय.

आता फेज-अर्थ २३२ दाखवतंय, न्यूट्रल-अर्थ २. हे सगळं चार्जर लावून, अनवाणी पायानं बसून, टचपॅडवरच क्लिक करत टाइप केलंय.