तिसरीतलं मूल इंग्रजी वाचनात मागे आहे, म्हणून लगेच डिस्लेक्सिया (वाचनातली मुळातली अडचण)?

आज पुन्हा हाच प्रश्न टेबलावर आला. शाळा अमेरिकेतली, स्पॅनिश-इंग्रजी, ९०:१० पद्धतीची. म्हणजे बालवाडीत नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीचा वाटा वाढत वाढत वरच्या इयत्तांत निम्म्यावर. तिसरीत इंग्रजी थोडं मागे असणारच!

म्हणून चाचणीची पेटी उघडण्याआधी आईवडिलांशी बोलायचं. घरी कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं, कोणत्या वर्षी वाचायला कुठल्या भाषेत शिकवलं, मधे शाळा बदलली का. मग वाचन दोन्ही भाषांत तपासायचं.

इथे एक गोम आहे. स्पॅनिश बरीचशी मराठीसारखी, लिहिलंय तशी वाचता येते. त्यामुळे खरी अडचण असलेलं मूलही शब्द बरोबर वाचतं, पण फार हळू, अक्षर अक्षर जोडत. नुसत्या चुका मोजल्या तर ते हातातून निसटतं. घड्याळ लावा, निरर्थक शब्दांची यादीही वाचून घ्या. दोन्ही भाषांत वेग कमी असेल तर खोलात जायचं. फक्त इंग्रजीत असेल तर आधी इंग्रजी किती आणि कसं शिकवलं ते बघायचं.

आणि कृपा करून दुभाष्याला बसवून इंग्रजी चाचणी जागच्या जागी भाषांतरित करू नका. शब्दांची काठिण्यपातळी बदलते, मग मानकांशी, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या ठरलेल्या गुणांशी, तुलनाच करता येत नाही. स्पॅनिशभाषक मुलांची इंग्रजीत बुद्धिमापन चाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं, म्हणून कॅलिफोर्नियात १९७० साली डायना खटला झाला होता.