तुम्ही विचारलंत म्हणून: "खोकल्याची भीती डोक्यातून काढलीस कशी?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा रात्री साडेबारानंतर येतो. आधी "जागी आहेस का", मग "तुला तो खोकला झाला होता ना, अ‍ॅसिडिटीवाला, तेव्हा तुला पण ते भलतंसलतं वाटायचं ना", आणि मग खरा प्रश्न, की ते डोक्यातून काढलंस कसं. प्रश्नाबरोबर तपशीलही येतात, किती आठवडे झाले, कफ कुठल्या रंगाचा, घशात डाव्या बाजूला अडकल्यासारखं होतं की मधोमध. मी ते सगळं वाचते आणि मला माझीच हस्तलिपी दिसल्यासारखं होतं. म्हणून एकदाच नीट लिहिते.

सुरुवात अगदीच फालतू होती. साधी सर्दी, दोनतीन दिवस ताप, मग ताप गेला, सर्दी गेली, खोकला राहिला. कोरडा, ढास लागल्यासारखा, बोलायला लागलं की उबळ, हसलं की उबळ, आडवं झालं की तर विचारूच नका. पहिल्या आठवड्यानंतरच मला वाटायला लागलं की हे काहीतरी वेगळं आहे. आता माहितीये की सर्दीनंतरचा खोकला आठवड्याभरात जायला हवा हा आपल्या सगळ्यांचाच गैरसमज असतो, तो सरासरी अठराएक दिवस चालतो, आणि डॉक्टर लोक मोठ्या माणसाचा खोकला 8 आठवड्यांच्या पुढे गेला तरच त्याला जुनाट म्हणतात. (जिथे टीबी जास्त आहे तिथे मात्र 2 आठवड्यांच्या वर खोकला गेला की थुंकीची तपासणी करून घ्यायचीच, तिथे वाट बघायची नाही.) पण हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण मी तोपर्यंत मोबाइलवर लक्षणं शोधायला बसले होते. रात्री पांघरुणात, ब्राइटनेस कमी करून, नवऱ्याला कळू नये म्हणून.

अकराव्या आठवड्यात मी कुठे पोचले होते सांगते. उठल्याउठल्या बोटाला ऑक्सिमीटर. मग आरशासमोर तोंड उघडून मोबाइलचा टॉर्च घशात. मग मान चाचपायची, गाठबिठ नाही ना. दिवसभरात किती वेळा खोकले याच्या रेघा एका वहीत. आणि नवऱ्याला दिवसातून शंभर वेळा, "माझा आवाज बसलाय का रे?" तो बिचारा प्रत्येक वेळी "नाही गं, काही नाही झालं" म्हणायचा, मला दहा मिनिटं बरं वाटायचं, मग मला वाटायचं की याने नीट ऐकलंच नाही, आणि मी परत विचारायचे.

एक्सरे झाला होता, क्लिअर होता. त्याचा आनंद मला बरोबर जिन्यापर्यंत पुरला. जिना उतरताना विचार आला, एक्सरेत दिसतच नसेल तर?

आमच्या डॉक्टरबाई शांत आहेत. त्यांनी सांगितलं की सिगरेट नाही, एक्सरे साफ आहे, ब्लडप्रेशरची ती एनालाप्रिल-रामिप्रिलच्या घराण्यातली गोळी चालू नाही (तिनेही कोरडा खोकला लागतो, आणि बऱ्याच जणांच्या ते लक्षातच येत नाही), तर मग बहुतेक वेळा तीनच गिऱ्हाइकं उरतात: नाकामागून घशात उतरणारं पाणी, दमा, नाहीतर पोटातून वर येणारं अ‍ॅसिड. माझं नाक ठीक, फुंकण्याची टेस्ट ठीक, आणि सकाळी तोंड आंबट, जेवल्यावर ढेकरा, कधी रात्री घशाशी येऊन ठसका. मी म्हटलं, पण मला छातीत जळजळ तर फार होत नाही. तर त्या म्हणाल्या की दर वेळी व्हायलाच हवी असं नाही. अ‍ॅसिड थेट श्वासनलिकेत जायलाही लागत नाही, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लागलं तरी खोकला सुटू शकतो, कारण अन्ननलिका आणि श्वासनलिका दोघींची वायरिंग एकाच नसेची, व्हेगस नर्व्हची. आणि खोकलं की पोटावर दाब येतो, दाब आला की अ‍ॅसिड अजून वर, की परत खोकला. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मूळ सर्दीचा काही संबंध उरत नाही.

इथे एक अवांतर. हायपोकॉन्ड्रिया हा शब्द आपण "उगाच आजारी समजणारा माणूस" या अर्थाने वापरतो ना, त्याचा मूळ ग्रीक अर्थ आहे बरगड्यांच्या कूर्चेखालची जागा. म्हणजे पोटाचा वरचा भाग, जिथे अ‍ॅसिडिटीवाले हात ठेवून बसतात तीच. जुन्या लोकांना वाटायचं की ही असली चिंता तिथूनच निघते. डॉक्टर अजून त्या जागेला हायपोकॉन्ड्रियम म्हणतात, मानसोपचारवाल्यांनी मात्र 2013 साली डीएसएम-5 या त्यांच्या आजारांच्या अमेरिकन यादीत तो आजाराचं नाव म्हणून काढून टाकला, कारण तो शिवीसारखा झाला होता. मला हे वाचून उगाच बरं वाटलं होतं.

तर अ‍ॅसिडचं औषध सुरू झालं. आणि मी ते पंधरा दिवस चुकीचं घेतलं! पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही जी मंडळी आहेत ती रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असतात, मी जेवून झोपताना घ्यायचे आणि वर म्हणायचे की मला तर औषधही लागू पडत नाहीये, म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं आहे. शिवाय या गोळ्या अँटासिडसारख्या लगेच काम करत नाहीत, आणि खोकल्यावर फरक पडायचा असेल तर दोन-तीन महिनेसुद्धा लागतात. बरं, ज्याला आंबट-जळजळ यातलं काहीच नाही, नुसता खोकला आहे, त्याला नुसत्या या गोळ्यांचा सहसा उपयोग होत नाही, त्यामुळे माझी चिठ्ठी बघून तुम्ही सुरू करू नका. खरा फरक मला झोपण्यातून पडला. जेवण आणि झोप यात तीन तास. कुशीवर झोपायचं तर डाव्या, कारण पोटाचा आकारच असा आहे की डाव्या कुशीवर अन्ननलिकेचं तोंड अ‍ॅसिडच्या वर राहतं. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहाएक इंचाचे लाकडी ठोकळे. उशांवर उशा रचून तेच होत नाही बरं का, उशांनी माणूस पोटात दुमडतो आणि दाब उलट वाढतो.

हे झालं खोकल्याचं. पण तुम्ही विचारलंय भीतीचं.

ते मला सुचलं एका भलत्याच ठिकाणी. खाकरायची सवय लागली होती म्हणून डॉक्टरबाईंनी मला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मी म्हटलं मला काय बोलता येत नाही का, पण गेले. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, खाकरणं बंद. घशात काहीतरी अडकलंय असं वाटतं म्हणून आपण खाकरतो, तेव्हा स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात, त्या चिडतात, सुजतात, त्यावर अजून चिकट पाणी सुटतं, आणि ते परत अडकल्यासारखं वाटतं. दोन सेकंद मोकळं वाटतं आणि पुढच्या खाकरण्याची तयारी होऊन बसते. त्याऐवजी काय करायचं तर आवंढा गिळायचा, नाहीतर पाण्याचा घोट, तोंड मिटून नाकाने हळू श्वास, आणि ती खाज नुसती सहन करायची. ती वाढते, वाढते, आता मी फुटणार असं वाटतं, आणि मग अर्ध्याएक मिनिटात आपसूक उतरते.

घरी जाताना मला धक्का बसल्यासारखं झालं की अगं, मी रात्री मोबाइलवर जे करते ते खाकरणंच आहे. टॉर्च, ऑक्सिमीटर, वहीतल्या रेघा, "आवाज बसलाय का रे", सगळं खाकरणं. दोन सेकंद मोकळं. मग चिकट.

मग मी डोक्यातून काढायचा प्रयत्न सोडला आणि नुसतं खाकरणं कमी करायच्या मागे लागले. एका कागदावर डॉक्टरबाईंकडून लिहूनच घेतलं की काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं: थुंकीत रक्त, घास गिळताना अडकणं किंवा दुखणं, न ठरवता वजन उतरणं, रात्री घामाने भिजणं, परत ताप, दम लागणं, तीन आठवड्यांच्या वर घोगरा राहिलेला आवाज, काळी शी, रक्ताची उलटी, छातीत दाबल्यासारखं दुखणं. आणि यातलं काही नसेल तर पुढची तारीख 8 आठवड्यांनी. कागद कपाटाच्या दाराला आतून लावला. ऑक्सिमीटर ताईकडे देऊन टाकला, वही फाडली. नवऱ्याला सांगितलं की मी विचारलं की "काही नाही झालं" म्हणायचं नाही, फक्त म्हणायचं, "कागदावर आहे का?" त्याला हे माझ्यापेक्षा जड गेलं. पहिल्या दिवशी मी विचारलं, त्याने तसं म्हटलं, आणि मी चिडून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले, तर हा दाराशी उभा राहून, "नाही गं, काही नाही झालं." झालं, पहिल्याच दिवशी नियम मोडला.

पहिले दहा दिवस भयंकर गेले, खोटं कशाला बोलू. हात आपोआप मोबाइलकडे जायचा. सीबीटीच्या (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार) काही सेशन्सही घेतल्या मी, तिथेही मूळ गोष्ट हीच होती की खात्री मागायला उशीर करायचा, आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग उद्या. उद्यापर्यंत बरेचदा विसरायला होतं.

आता ज्यांना वाटतं की मग म्हणजे ते मनाचंच होतं, त्यांच्यासाठी. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1980 साली दाखवलं होतं की सिनेमा बघताना लोक रटाळ भागात जास्त खोकतात आणि रंगलेल्या भागात कमी. मला हे इतकं पटलं! मी मीटिंगमध्ये खोकून बेजार आणि भांडताना एकदाही नाही. पण याचा अर्थ खोकला खोटा होता असा नाही, लक्ष रिकामं असलं की घशातली खरीच खवखव मोठी होते, एवढंच. "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगायचा मी प्रयत्न सोडलाय.

आणि एक दिवस सांगायलाच हवा. कागद लावल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात दुपारी छातीत मधोमध दाबल्यासारखं झालं, खांद्याकडे गेल्यासारखंही वाटलं. मला पहिला विचार काय आला असेल, की बघ, परत नाटक. मी इतकी शहाणी झाले होते की बसूनच राहणार होते. मग कपाट उघडलं. कागदावर होतं. तशीच इमर्जन्सीला गेले, ईसीजी, रक्त, काही तासांनी परत ईसीजी, परत रक्त, सगळं ठीक, अन्ननलिकेचंच दुखणं निघालं. अ‍ॅसिडचं दुखणं आणि हृदयाचं दुखणं नुसत्या जाणिवेवरून ओळखता येत नाही, तिथल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं, आलात ते बरं केलंत म्हणाला. नेहमीसारखं पळत येऊन चूक केली असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही, आणि घरी येऊन मी काही शोधलंही नाही. जेवले, तीन तास थांबले, झोपले.

खोकला कधी गेला? मला माहीत नाही. खरंच. वही फाडली होती ना, मोजायला कोणी नव्हतं. तारखेला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी म्हटलं, अधूनमधून असतो बहुतेक. गोळ्या त्यांनी हळूहळू कमी करत बंद केल्या (एकदम बंद केल्या की काही दिवस अ‍ॅसिड उलट उसळतं, आणि माझ्यासारखीला तेवढं निमित्त पुरेसं असतं). अजूनही सर्दी झाली की तिसऱ्या आठवड्यात पोटात गोळा येतो. गेल्या पावसाळ्यात दोन रात्री शोधलं मी. दोनच.

ठोकळे अजून आहेत पलंगाखाली. नवरा रोज सकाळी पायथ्याशी घसरलेला सापडतो, आणि महिन्यातून एकदा विचारतो की आता काढायचे का. मी म्हणते, कागदावर आहे का?