ते जनुक खरंच असू शकेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी आनुवंशिकी शिकवतो आणि ‘स्टारगेट अटलांटिस’ आवडीने पाहतो, ही दोन्ही गुपितं एकदम कळली की समोरचा हमखास विचारतो, “सर, ते एटीए जनुक खरंच असू शकेल का?” मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या या कथेत ‘एन्शंट्स’ नावाची अतिप्रगत जमात आहे. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी त्यांच्यातले उरलेसुरले लोक पृथ्वीवर परतले आणि माणसांत मिसळून गेले. त्यांचं एक जनुक, म्हणजेच हे एटीए, आजही मोजक्या लोकांत उतरलेलं आहे. ते ज्याच्या अंगात आहे त्याने हात लावला की त्यांची यंत्रं जागी होतात. बाकीच्यांनी कितीही खटपट केली तरी ढिम्म.

माझं उत्तर ठरलेलं आहे: जनुकाची बाजू बरीचशी पटते, कुलपाची, म्हणजे यंत्राने ते जनुक ओळखण्याची, पटत नाही.

वारसा पातळ होत जातो असा आपला समज असतो. पणजोबांचं थोडं, त्यांच्या पणजोबांचं आणखी थोडं. एका जनुकाचं तसं नसतं. आईबापांपैकी एकाकडे त्याची एक प्रत असेल, तर ती मुलात येण्याची शक्यता निम्मी. आली तर अख्खी येते, नाही तर त्या शाखेतून कायमची जाते. दहा पिढ्या मागे गेलं की वंशावळीत पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि त्यातल्या काहींच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. १०,००० वर्षं म्हणजे ढोबळमानाने ४०० पिढ्या. म्हणजे एन्शंट्सचे वंशज आज जवळपास सगळेच असतील, पण जनुक मात्र एखाद्याकडेच. मालिकेत नेमकं असंच आहे. शेपर्ड हा साधा वैमानिक अंटार्क्टिकातल्या त्या खुर्चीवर सहज म्हणून टेकतो आणि त्याच्या डोक्यावर अख्खी सूर्यमाला उजळते. हा काही कुणी राजकुमार नाही. फासे त्याच्या बाजूने पडले, एवढंच.

परक्या वंशाचं जनुक उपयोगी पडल्याचं खरं उदाहरणही आहे. तिबेटच्या पठारावरच्या लोकांत ईपास१ या जनुकाचं एक खास रूप आढळतं. विरळ हवेत रक्तातलं हिमोग्लोबिन वाजवीपेक्षा जास्त वाढू न देण्याचं काम ते करतं. ते डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलं, असं २०१४ मध्ये दाखवून दिलं गेलं. त्याने यंत्र सुरू होत नाही, पण ४,००० मीटरवर संसार करता येतो.

आता कुलूप. जनुक ही प्रथिन बनवण्याची कृती आहे, त्यातून लहरीबिहरी निघत नाहीत. यंत्राला काहीतरी ओळखायचं असेल तर ते प्रथिन किंवा त्याने केलेला बदल. आपले रक्तगट असेच ठरतात: जनुकातून एक विकर बनतं आणि ते तांबड्या पेशींवर ठरावीक शर्करा चिकटवतं. एन्शंट्सच्या प्रथिनाची अशी काही खूण त्वचेवर उमटत असेल, तर स्पर्शाने यंत्र सुरू होणं मी मान्य करीन. पण शेपर्ड नुसत्या विचाराने यान चालवतो, तिथे माझी गाडी अडते. मेंदूचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. ते मोजायला खास बंदिस्त खोली लागते. शिवाय ते सगळ्यांच्याच मेंदूत असतं. मग यंत्राने एकाचंच का ऐकावं?

लेखकांचं सर्वांत चांगलं काम मात्र डॉक्टर बेकेटच्या हातून झालंय. तो उंदराच्या रेट्रोव्हायरसवर, म्हणजे पेशीच्या डीएनएत आपली जनुकं घुसवणाऱ्या विषाणूवर, बसवून हे जनुक इतरांच्या पेशींत सोडतो. हे हवेतलं नाही. पॅरिसमध्ये जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर उंदराच्याच विषाणूपासून घडवलेल्या वाहकाने उपचार झाले होते. बहुतेकांना गुण आला, पण २००२ पासून काहींना रक्ताचा कर्करोग झाल्याचं दिसू लागलं, कारण नवं जनुक भलत्या जागी जाऊन बसलं होतं. मॅके हा शास्त्रज्ञ मात्र ते टोचून घेतो आणि लगेच अंगावर एक संरक्षक ढाल चढवतो. पायावर गोळी झाडून घेतो, सज्जावरून ढकलून घेतो, खरचटतही नाही. मग ढाल निघेना, आणि तिच्यातून पाण्याचा घोटही आत जाईना. हा भाग मी वर्गात सांगतो; दुष्परिणाम लक्षात राहायला याहून सोपा मार्ग नाही.

आणि सुरक्षा म्हणून बघाल तर ही योजना अगदीच भोळी. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. हा जनुकातला पासवर्ड मुलाबाळांना फुकट मिळतो, आणि एका हुशार डॉक्टरने त्याच्या प्रती काढून वाटल्या की संपलं. जन्मावरून हक्क ठरवणाऱ्यांचं कुलूप असंच उघडतं, याचा मला थोडा आनंदही होतो.

“माझ्यात असेल का?” हा पुढचा प्रश्न. घरबसल्या करायच्या डीएनए चाचण्यांतून कळणार नाही. त्या आधीच माहीत असलेल्या ठरावीक जागाच तपासतात. संपूर्ण जनुकसंच वाचून घेतलात, तरी वाचलेले तुकडे मानवी जनुकसंचाच्या प्रमाण प्रतीशी जुळवले जातात आणि न जुळणारे बाजूला पडतात. तुमच्यात ते जनुक असलंच, तर त्या बाजूला टाकलेल्यांत असेल. नमुना लाळेचा असेल, तर त्या टाकलेल्या तुकड्यांत बहुतेक तोंडातले जिवाणूच निघतात.