गुरुजींचे १५ हजार

वरूडच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पंपाचे स्टार्टर, मिक्सर, भजनी मंडळाचे माइक, जे येईल ते उघडून पाहतो. गाण्याचं खरं सामान क्वचितच येतं. म्हणून मला सातवीत गणित शिकवलेले गुरुजी डिसेंबरात अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत घालून आले, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं.

गुरुजींकडे तबकडीचा प्लेअर, ३० वॅटचा देशी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि आठ इंची वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) दोन मोठ्या पेट्या. सगळं पस्तीसेक वर्षांपूर्वीचं. पेन्शनमधून १५ हजार बाजूला काढले होते. "रातच्याला डग्गा फाटते जी. कधी फाटते, कधी नाही फाटत. एकच वस्तू बदलता येईन. कोणती, ते तू सांग."

ही वाक्यं ते नेमकी याच शब्दांत बोलले होते. मला आज ती पाठ आहेत. त्या दिवशी मी फक्त 'डग्गा फाटते', म्हणजे डग्ग्याचा आवाज चिरकतो, एवढंच ऐकलं.

अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर लावला. दोन-तीन कपॅसिटर बदलले, व्हॉल्यूमचा पॉट साफ केला. दोन्ही चॅनल स्वच्छ. त्याच आठवड्यात पुतण्याने एक पेटी आणून दिली. जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम पार सडलेला, बोट लावलं की चुरा. मला वाटलं, सापडलं. पैसा थोडा असेल तर आधी स्पीकर, हे मी कित्येक वर्षं सांगत आलोय आणि त्याला कारण आहे. साधा अ‍ॅम्प्लिफायरही आपल्या मर्यादेत वाजला तर लहरीचा आकार एक टक्काही बिघडवत नाही. स्पीकर खर्जात सहज काही टक्के बिघडवतो. उलट मत असणारेही आहेत. १९७०च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने तबकडीच्या प्लेअरपासून सुरुवात करा असं ठासून सांगितलं, कारण तिथे जे हरवलं ते पुढे कुठलाच स्पीकर परत आणत नाही. दोन्ही बाजू मला ठाऊक होत्या. पण समोर सडलेला फोम होता.

गुरुजी नागपूरला गेले, बर्डीवरून साडेतेरा हजारांची नवी जोडी घेऊन आले. छोट्या, सुबक पेट्या. लावायला मी स्वतः गेलो, दुपारी. वसंतराव देशपांड्यांची तबकडी लावली. वसंतराव आपल्या मूर्तिजापूरचे, म्हणून गुरुजींचा त्यांच्यावर जास्तच जीव. आवाज असा मोकळा आला की गुरुजी बराच वेळ बोललेच नाहीत.

जानेवारीत फोन आला. "बाबू, आता पहिल्यापेक्षा जास्त फाटते."

नवे स्पीकर आणि पहिल्यापेक्षा जास्त? मला पटेना. त्या शनिवारी दुकान बंद करून गेलो आणि मुक्कामच केला. गुरुजींचं घर गावाबाहेर, संत्र्याच्या वावराला लागून, लाइनच्या शेवटच्या खांबावर. गावठाणाची लाइन वेगळी झाली आहे, पण या घराला वीज येते ती शेतातल्या डीपीवरूनच. जेवणं झाली, साडेनऊला तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं लावली. खंजिरीची झांज आणि तिच्या चामड्यावरची थाप एकदम येतात, त्यामुळे आवाज पारखायला मला ती सगळ्यात भरवशाची वाटते. सगळं नीट होतं. गुरुजी माझ्याकडे पाहत होते. आपणच काहीतरी खोटं बोललो असं त्यांना वाटत असावं.

दहाच्या सुमारास थ्री फेज आली. बाहेर अंधारात एकेक ऑटो स्विच कट्कट् लागायला लागला. आंबिया बहराचा ताण तोडायचे दिवस. महिनाभर पाणी तोडलेल्या बागांना सगळे एकाच वेळी पाणी देतात, त्यात गहू-हरभऱ्याचं ओलित वेगळं. वीज आली की ऑटोवरचे सगळे पंप एकदमच सुरू होतात आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. खोलीतला बल्ब पिवळा पडला. आणि खंजिरीचा पत्रा झाला.

मीटर लावला. १६५ व्होल्ट.

मग मी वहीत हिशेब मांडला, गुरुजींच्या समोर. त्यांनीच शिकवलेलं गणित. बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब उतरला की अ‍ॅम्प्लिफायरच्या आतलं डीसी व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं आणि मिळणारे वॅट व्होल्टच्या वर्गावर चालतात. १६५ भागिले २३०, त्याचा वर्ग ०.५१. म्हणजे रात्री दहानंतर ३० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर १५ वॅटचा होत होता. थाप त्याहून मोठी आली की लहरीचं टोक कापलं जातं, शिखराच्या जागी पठार. त्या कापलेल्या कडांतून वरच्या स्वरांचा जो कचरा निघतो तो ट्वीटरमध्ये, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरमध्ये जातो.

खरा घाव पुढच्या ओळीत होता. जुन्या पेटीच्या मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल. नवीच्या पत्रकात ८६. चार डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजाला अडीचपट वॅट. विजेने अ‍ॅम्प्लिफायर निम्मा केला होता आणि मी त्याच्यावरचं ओझं अडीचपट करून ठेवलं होतं. साडेतेरा हजार खर्चून रोग वाढवला. गुरुजींनी वही उलटी करून हिशेब तपासला आणि म्हणाले, "बरोबर आहे."

आमच्या धंद्यात वॅटला काही इज्जत उरलेली नाही. एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या खोक्यावर दोन हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) छापतात, लोक तेच वाचून घेतात आणि डेसिबलचा आकडा कोणी विचारत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. गुरुजींच्या वेळी मीही तो आकडा पाहिला नाही. आणि माझ्या टेबलाला स्टॅबिलायझर आहे, तिथे बाराही महिने २३० व्होल्ट असतात. त्या टेबलावर हा दोष जन्मात दिसला नसता.

दुसऱ्या दिवशी दुकानातला स्टॅबिलायझर त्यांच्याकडे नेला. तो मी स्वतः गुंडाळलेला आहे, टॅप जवळजवळ ठेवलेले, त्यामुळे रिले बदलताना आवाजात धक्का बसत नाही. १५० पर्यंत खाली गेलं तरी तो सांभाळतो. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. जुन्या वूफरचंही काम केलं. सडलेला फोम खरवडला, मधली टोपी कापून कॉइलभोवती जुन्या एक्स-रेच्या बारीक पट्ट्या खोचल्या, म्हणजे नवी कडा चिकटेपर्यंत कॉइल मधोमध राहते. चोवीस तास हात लावायचा नाही. मग दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही कोन एकाच दिशेला उचलतात का ते पाहिलं. सामानाचे चारशे रुपये झाले. हे डिसेंबरातच करता आलं असतं.

रात्री दहानंतर दोन्ही जोड्या आलटून पालटून लावल्या. गुरुजी डोळे मिटून बसले. डग्ग्याला त्यांनी जुनी जोडी निवडली, गळ्याला नवी. आणि नवीचा गळा खरोखर सरस आहे, मलाही तसंच ऐकू आलं. म्हणून मला अजून नीट ठरवता येत नाही की माझं चुकलं ते नेमकं काय. स्पीकर वाईट निघाले असते तर सोपं होतं. मी त्यांना ती जोडी विकून देतो म्हटलं. "राहू दे," म्हणाले, आणि त्यावर कापड टाकून ठेवलं.

परवा बाजाराच्या दिवशी पुन्हा आले. "अकराशे उरले. आता कायले लावू?"

'सुई बदला' हेच ओठांवर आलं होतं. अंडाकृती टोकाची हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते, त्यांची तर कधीची आहे कोण जाणे. पण मी बोललो नाही. खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "गुरुजी, आता आवाज कुठे खटकतो? कोणती तबकडी, कोणत्या बाजूला, आणि सुरुवातीला की शेवटी?"

ते आठवून सांगू लागले. मी लिहून घेत होतो.