कुंभारीतल्या पत्र्याखाली जॉर्जेट हेयर

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दुपारी कुठल्याही गल्लीत शिरा, पत्र्याच्या सावलीत चार-सहा बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील. बीडी कामगार बायकांसाठीची ही दहा हजार घरं २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. सोलापुरातल्या एका ग्रंथालयाच्या पेटी वाचनालयाचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे पुस्तकांची पेटी घेऊन मी तिथे नेहमी जाते. पण भिजवलेलं पान, पान कापायचा फर्मा, कात्री, तंबाखू आणि दोरा यांत हात गुंतलेली बाई पुस्तक धरणार कशानं? म्हणून पेटी टेकवली की मी तासभर गोष्ट सांगते.

त्या दिवशी मात्र गोष्ट लिहिणारीबद्दलच सांगायचं ठरवून गेले होते. जॉर्जेट हेयर ही प्रेमाच्या खेळकर, विनोदी कादंबऱ्या लिहिणारी इंग्लंडमधली लेखिका. माझी फार लाडकी. असल्या पुस्तकांना ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला सारणारे लोक पुस्तकांच्या जगातही पुष्कळ आहेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वाचणाऱ्याला हसवत ठेवून तीनशे पानं पुढे न्यायची, हे किती अवघड काम आहे!

सुरुवात तिच्या ‘फ्रायडेज चाइल्ड’च्या गोष्टीनं केली. १९४४ची कादंबरी. बड्या घरचा एक उधळ्या पोरगा एका सुंदर मुलीला मागणी घालतो, ती सरळ नाही म्हणते. हा इरेला पेटतो, आता जी पहिली मुलगी दिसेल तिच्याशी लग्न करणार म्हणतो. आणि दिसते कोण, तर नातेवाइकांच्या घरी आश्रितासारखी वाढलेली एक अनाथ पोर, लहानपणापासून याच्यावर जीव लावून बसलेली. लग्न होतं, पण संसार कशाशी खातात हे दोघांनाही ठाऊक नाही. तिथून जो गोंधळ सुरू होतो तो मी रंगवून सांगत होते.

“घरात मोठं माणूस नाही म्हटल्यावर असंच होणार की!” एक जण म्हणाली आणि सगळ्या खळखळून हसल्या. हात एकीचेही थांबले नाहीत.

मग मूळ विषयाकडे वळले. जॉर्जेटचा जन्म १९०२चा, लंडनजवळच्या विंबल्डनचा. धाकट्या भावाला रक्त न थांबण्याचा आजार. त्याचं मन रमावं म्हणून ती त्याला थोडी थोडी गोष्ट सांगायची. ती वडिलांच्या कानावर पडली, त्यांनी आग्रह धरला, आणि १९२१ साली त्याच गोष्टीची कादंबरी होऊन छापून आली. वय वर्षं १९. चार वर्षांनी वडील अचानक गेले. पेन्शन नाही. दोन भावांचा भार हिच्यावर आला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत हिचं लग्न झालं.

“म्हणजे सासरी जाऊनबी माहेर हिनंच बघितलं?” अक्कांनी विचारलं. अक्का साठीच्या पुढच्या, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते.

“हो, आणि सासरचंही,” मी म्हटलं. नवरा खाणींचा इंजिनिअर. त्याच्या कामामागे ती आफ्रिकेत टांगानिकाला गेली, गवतानं शाकारलेल्या झोपडीत राहिली आणि तिथेही लिहीत राहिली. परत आल्यावर त्यानं खेळाच्या सामानाचं दुकान घातलं, मग वकिलीचा अभ्यास केला. तोवर घर मुख्यतः तिच्या लिखाणावर चाललं. १९२६ साली इंग्लंडमध्ये मोठा संप झाला. त्याच साली तिची एक कादंबरी आली, वर्तमानपत्रांत ना गाजावाजा ना जाहिरात, तरी तिच्या एक लाख नव्वद हजार प्रती खपल्या. प्रसिद्धीवाचून आपलं अडत नाही, हे तिला तेव्हाच कळलं. पुढे तिनं आयुष्यभर मुलाखत दिली नाही. संप म्हटल्यावर इथल्या बायका सावरून बसल्या. ही घरं त्यांनी मोर्चे काढून मिळवलेली आहेत, संप म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही.

मला वाटलं होतं, त्यांना नवऱ्याबद्दल, कपड्यालत्त्याबद्दल ऐकायचं असेल. पण प्रश्न सुरू झाले ते पैशांचे. एका पुस्तकामागे किती मिळायचं? छापणारा काही कापून घ्यायचा का? हजार बीड्यांवर मजुरी मोजणाऱ्या आणि ब्रँचमध्ये, म्हणजे तयार बीड्या जमा करायच्या जागी, खराब म्हणून छाट काढली की गप्प बसावं लागणाऱ्या बायकांनी हे विचारावं, यात नवल नव्हतं. मलाच हा कोन सुचला नव्हता, आणि त्या दिवसाची सगळ्यात चांगली चर्चा इथेच झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉर्जेटला पैशांची फार ओढ होती. तिनं आपल्या तीन गाजलेल्या कादंबऱ्यांचे ब्रिटिश राष्ट्रकुलातले हक्क प्रकाशकाला ७५० पौंडांना विकून टाकले. पुढे त्याच प्रकाशन संस्थेतल्या तिच्या मित्रानं, जेवढ्याला घेतले तेवढ्यालाच परत देतो, असं सांगितलं. तिनं नाही म्हटलं. शब्द दिला होता, व्यवहार झाला होता.

इथे मात्र दोन-तीन हात थांबले.

“खुळी हाय का ओ ती? आपलीच वस्तू परत मिळायली होती की!” समोरची तरणी पोर चिडलीच. तिच्या शेजारणीचं म्हणणं वेगळं. गरज होती तेव्हा पैसे घेतले, वापरले, मग मागे कसं फिरायचं? अक्का दोरा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “शब्दावर तर आम्हाला किराणा मिळतोय.”

बराच वेळ हे चाललं. मी मध्ये पडले नाही.

तिच्या मेहनतीचं सांगितलं तेही त्यांना पटलं. आपल्याआधीच्या सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या काळातल्या गोष्टी लिहायच्या म्हणून तिनं घरात हजारावर संदर्भग्रंथ जमवले होते. कपडे, गाड्या, बोलीतले शब्द, मेणबत्त्यांच्या किमती, सगळं वहीत टिपून ठेवायची. नेपोलियनला हरवणारा सेनापती, वेलिंग्टनचा ड्यूक, त्यानं लिहिलेलं खरं पत्रच तिनं विकत घेतलं, त्याची लिहिण्याची ढब नेमकी साधावी म्हणून. आणि एवढं करून स्वतःच्या लिखाणाबद्दल म्हणायची, की असलं काहीबाही लिहिल्याबद्दल मला गोळी घालायला हवी, पण बाँब पडत असताना तळघरात बसलेल्याला हे वाचायला आवडेल.

तिला वाचकांची पत्रं भरपूर यायची. त्यातलं जपून ठेवलेलं एकच. रोमेनियातल्या एका राजकीय कैदी बाईचं. तुरुंगात बारा वर्षं तिनं बरोबरच्या बायकांना ‘फ्रायडेज चाइल्ड’चं कथानक पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्या आधारावर त्यांची डोकी ठिकाणावर राहिली. मघाशी ज्यावर या हसल्या तीच ही गोष्ट. हलकंफुलकं म्हणणाऱ्या मंडळींना मी एवढंच सांगत असते.

“आमच्याकडं सुलोचनाराणी होती,” अक्का एकदम म्हणाल्या. यद्दनपूडी सुलोचनाराणी, तेलुगूतली प्रचंड वाचली गेलेली लेखिका. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा गल्लीत एकच तेलुगू साप्ताहिक यायचं आणि वाचता येणारी बाई बाकीच्यांना क्रमशः कादंबरी वाचून दाखवायची, बाकीच्या बीड्या वळत असताना. म्हणजे मी जे नवीन म्हणून करत होते ते इथे आधीपासून चालत आलेलं होतं. मला फार आनंद झाला.

“मग ती तुमची बाई गेली कशानं?” कुणीतरी विचारलं.

मी सांगितलं. दिवसाला साठ-ऐंशी सिगारेटी ओढायची. १९७४ साली फुप्फुसाच्या कर्करोगानं गेली. गेली तेव्हा तिच्या ४८ कादंबऱ्या बाजारात मिळत होत्या. तंबाखूचा वास भरलेल्या त्या जागेत हे सांगताना मला जड गेलं.

“ती ओढून गेली, आम्ही न ओढता खोकायलोय,” तरणी पोर म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ही पोर एवढं बोलते हेच मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं.

ब्रँचची वेळ झाली. बीड्यांचे कट्टे मोजून फडक्यात बांधले गेले, सुपं झटकली गेली. निघतानाही त्या सातशे पन्नास पौंडांवरून दोघींचं जुंपलेलंच होतं. पुढच्या खेपेला अक्का सुलोचनाराणींची एक कादंबरी सांगणार आहेत, तेलुगूतून. मला मराठीत समजावून द्यायचं काम त्या तरण्या पोरीकडे दिलंय.